पुलाला हलू देणारा माणूस

गजभिये साहेब कोणाच्या लग्नाला आले, की आमच्या ऑफिसची माणसं पंगतीत लांब जाऊन बसायची. माणूस वाईट नव्हता हो, उलट इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण मांडवात शिरले की ते आधी नवरीच्या बापाला गाठणार आणि विचारणार, "वरात कोणत्या रस्त्यानं आली?" बाप कौतुकानं सांगायचा. मग साहेबांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "अन् तो रस्ता बंद पडला असता तर कुठून आणली असती?"

एका बापानं तर "शुभ बोला ना गा साहेब," म्हणत त्यांच्या पुढ्यातली जिलबीची ताटली उचलून नेली होती. मी शेजारीच होते. साहेबांना राग नाही आला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भोयर बाई, याले दुसरा रस्ताच नाही. मधात जुना पूल हाये." जिलबी गेल्याचं काही नाही, दुःख कशाचं तर पुलाचं! आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

ते आमच्या रस्ते-पुलांच्या कार्यालयात अभियंता होते आणि मी तिथं नकाशे काढायला. मी मूळची सावनेरची. शिकायला म्हणून नागपूरला आले आणि त्या ऑफिसच्या टेबलाला चिकटले ती चिकटलेच. आधी कागदावर शाईनं काढायचे, मग कॉम्प्युटर आला. माझं टेबल त्यांच्या केबिनच्या दाराशीच होतं, त्यामुळं त्यांचं खोकणं, गुणगुणणं आणि ठेकेदारांवर ओरडणं दिवसभर माझ्या कानावर. पाठीमागं सगळे त्यांना 'भूकंप साहेब' म्हणायचे. कारण ध्यासच एक: उद्या जमीन हलली तर आपले पूल जागेवर राहतील का, आणि एखादा नाही राहिला तर माणसं दवाखान्यापर्यंत कशी पोचतील. नागपुरात बसून हा ध्यास! इथल्या जमिनीला काय धाड भरली आहे हलायला, असं मीसुद्धा म्हणायचे.

"बाई, माझ्या हयातीत नाही येणार भूकंप," ते म्हणायचे. "येऊच नये. मी का वाट पाहून राहिलो त्याची?"

पूल पाहायला निघाले की साहेब जीप पुलावर थांबवायचे आणि स्वतः खाली उतरायचे. आम्ही वर उन्हात, ते खाली सावलीत. पॅंट पिंढरीपर्यंत दुमडलेली, हातात टॉर्च, खांद्यावर कबुतरांनी केलेली घाण. वर आले की चेहऱ्यावरूनच कळायचं खाली काय दिसलं ते. सगळ्यात वाईट चेहरा व्हायचा तो कोणी पुलाची मोकळी जागा बुजवलेली दिसली की.

ही मोकळी जागा काय, ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. पुलाचा वरचा भाग म्हणजे लांबलांब तुळया खांबांच्या डोक्यावर नुसत्या टेकवलेल्या असतात. दोन तुळयांच्या मध्ये फट ठेवतात, कारण आमच्या मे महिन्याच्या उन्हात तुळई लांबते आणि हिवाळ्यात आखडते. जमीन हलली तर तिला हलायलाही तेवढी जागा लागते. आता आपल्या लोकांचं असं, की फट दिसली की हात शिवशिवतात. डांबर टाकायला आलेला डांबरानं भरून टाकतो, गाडीला धक्का बसू नये म्हणून. गवंडी सिमेंटनं भरतो, काम देखणं दिसावं म्हणून. कोणाचा हेतू वाईट नसतो, आणि साहेब नेमके त्याच गोष्टीनं हैराण व्हायचे.

"चोराले पकडता येते बाई," ते म्हणायचे. "चांगलं करणाऱ्याले कसं पकडू?"

आमच्या गेटबाहेर एक चहावाला होता, नाव मुरली. विटांचे दोन ढीग आणि त्यावर एक फळी, फळीवर कपबशा. एक दिवस साहेब आम्हा चौघांना घेऊन तिथं गेले आणि विटांच्या ढिगाला गुडघ्यानं हलकेच धक्का दिला. ढीग पडला नाही, नुसता हलला. पण फळी टोकावरून सटकली आणि सगळ्या कपबशा खाली.

"साहेब! माझं दुकान काहून पाडून राहिले?" मुरली किंचाळला.

"पाहा," साहेब आम्हाला म्हणाले, "ढीग मजबूत हाये. तरी दुकान बसलं ना? फळी टेकली होती दोन बोटं. आता चार बोटं टेकव गा मुरली, अन् फळी विटांले दोरीनं बांध." मुरलीनं रागारागात दोरी आवळायला घेतली तर साहेबांनी त्याचा हात धरला. "घट्ट नाही रे बावा, ढिली बांध! घट्ट बांधशील तर फळी विटाही घेऊन पडन. हलू दे तिले. पडू नको देऊ." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरलीला नव्या कपबशा आणून दिल्या. त्यानं त्या घेतल्या, पण साहेब दिसले की तो फळी दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा.

त्यांना हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीला नवे लागले तेव्हा एका भूकंपाच्या मुलुखात मदतीला त्यांना पाठवलं होतं. नदीवर पूल होता. खांब सगळे शाबूत. फक्त एका जागची तुळई बैठकीवरून सरकून खाली बसली होती. अलीकडच्या तीरावर बाजेवर एक बाळंतीण होती, अडलेली, आणि पलीकडे दवाखाना दिसत होता. दुसरा रस्ता होता, त्याचाही पूल सरकलेला. "लोक चांगले होते. सगळे पाण्यात उतरले, बाज डोक्यावर घेतली," साहेब म्हणाले. "पण बाई, वेळ लागला ना." चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि माझ्याच टेबलावर विसरून निघून गेले.

त्यांच्या मनात एक पूल होता, सावनेरकडच्या रस्त्यावरचा. कोणता ते मी लिहीत नाही, उगाच कोणाला तरी फोन जायचे. जुना पूल, तुळया खांबावर जेमतेम टेकलेल्या. तिकडची आजारी माणसं गाडीत घालून नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांत आणतात ती त्याच पुलावरून. माझ्या आईलाही तसंच आणलं होतं, म्हणून तो पूल हळूहळू माझाही झाला. खांबांच्या डोक्याची बैठक रुंद करायची, तुळयांना पोलादी दोर लावायचे आणि बाजूला थोडी जागा सोडून काँक्रीटच्या अडण्या बांधायच्या, म्हणजे तुळई हलेल पण सटकणार नाही, एवढंच त्यांचं मागणं. सगळे पूल एकदम नकोत, म्हणायचे. ज्याच्यावाचून वाट नाही, तो आधी.

मोठ्या साहेबांच्या बैठकीत ते भिंतीवरच्या नकाशापाशी जायचे, त्या पुलावर अंगठा दाबून धरायचे आणि म्हणायचे, "आता सावनेरच्या बाईला धंतोलीला आणून दाखवा." कोणी दुसरा रस्ता सांगितला की डाव्या हाताचा अंगठा त्या रस्त्यावरच्या पुलावर. दोन्ही हात भिंतीला लावून उभा राहिलेला तो बुटका माणूस पाहून लोक तोंड दाबून हसायचे. मोठे साहेब म्हणायचे, "गजभिये, बसा. नागपुरात भूकंप येत नाही."

एकदा आला. म्हणजे तिकडे नर्मदेच्या अंगाला कुठंतरी जमीन हलली आणि आमच्या ऑफिसचे पंखे झुलले. सगळे धडाधड जिने उतरून खाली. मोठे साहेब सगळ्यांच्या पुढं, एका पायात चप्पल नाही. गजभिये साहेब शेवटी आले, चेहरा पांढरा फटक, आणि तडक जीप घेऊन पुलाकडे गेले. परत आले तेव्हा मोठ्या साहेबांनी दारातच विचारलं, "झालं का काही?"

"नाही साहेब."

"मग?"

"मग काही नाही. आज नाही झालं."

बरीच वर्षं अशीच गेली. मग मोठे साहेब बदलले आणि नव्यांनी एक दिवस ऐकून घेतलं. मंजुरी आली त्या सकाळी साहेबांनी अख्ख्या ऑफिसला तर्री-पोहे खिलवले. चपराशापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची नाकं वाहत होती आणि गजभिये साहेब प्लेट हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते. "अजून घ्या ना. तर्री घ्या." त्यांना इतकं आनंदी मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

मग आम्ही नकाशे काढायला बसलो. अडणी आणि तुळई यांच्यामधली मोकळी जागा मी मापात काढली, तर म्हणाले, "मोठी काढा बाई. दिसली पाहिजे." मी म्हटलं, मापात चुकेल. "चुकू द्या. अन् तिथं मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. ही जागा मोकळी ठेवावी. इंग्रजीतलं साइटवर कोण वाचते?" मी लिहिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली.

काम सुरू व्हायच्या आधीच ते पडले. सकाळी अंघोळीला गेले आणि आतून काही आवाज येईना, म्हणून त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, शेजाऱ्यांना बोलावून दार तोडलं. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. धंतोलीतल्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा विमलताई मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, बोलणं नीट, तोललेलं.

"सुनंदाताई, एक सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाले वाईट वाटणार नाही," त्या म्हणाल्या. "यांचं हसणं-रडणं ताब्यात राहिलं नाही. डॉक्टर म्हणते, मेंदूतली तार उलटी झाली. रडू आलं की हसतात."

मला पटेना. पण महिन्याभरात ते पाहायची वेळ आली. साहेबांचे थोरले भाऊ गेले. बातमी सांगायला घरात माणसं जमली होती, मीही होते. पुतण्यानं पायाशी बसून सांगितलं आणि साहेब खदखदून हसायला लागले. तोंड वाकडं, खांदे गदगदा हलताहेत, थांबतच नाही. पुतण्या ताडकन उठून बाहेर गेला. विमलताई मात्र खाटेवर बसल्या आणि त्यांनी साहेबांचा डावा हात दाखवला. त्या हातानं चादर अशी मुठीत आवळली होती, की बोटं पांढरी पडली होती. "हे पाहत जा," त्या म्हणाल्या. "तोंडाकडे नका पाहू."

तेव्हापासून मी तोंडाकडे पाहिलं नाही. दर रविवारी जायची. साहेब डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांसमोर धरून मध्ये थोडी जागा ठेवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मला कळायचं. साइटवर आता चौधरी नावाचे तरुण अभियंता होते. चांगला मुलगा, साहेबांना गुरू मानायचा. मी त्यांना फोन करायची, ते म्हणायचे, "मॅडम, एकदम ड्रॉइंगप्रमाणे. गॅप ठेवला आहे, मी स्वतः मोजला." मी साहेबांना तसंच सांगायची. मग ते हात खाली ठेवायचे आणि डोळे मिटायचे.

काम पूर्ण झालं तेव्हा चौधरींनीच ठरवलं, की साहेबांना पूल दाखवायचा आणि तिथंच त्यांचा सत्कार करायचा. मला फार बरं वाटलं. विमलताईंनी साहेबांना पांढरा शर्ट घातला, भांग पाडला. गाडीत बसल्यावर साहेब सारखे खिडकीबाहेर बघत होते, अधूनमधून माझ्याकडे मागं वळून बघत होते.

पुलाखाली सतरंजी घातली होती. झेंडूच्या माळा होत्या, फोटोवाला होता. चार मजुरांनी साहेबांना खुर्चीसकट उचलून उतारावरून खाली नेलं, अगदी जपून. सगळ्या अडण्यांना पिवळे-काळे पट्टे मारलेले, खांब चुन्यानं पांढरे केलेले. सगळं कसं लख्ख. खुर्ची नेमकी कडेच्या खांबाशी ठेवली, जिथं सगळं हाताच्या अंतरावर दिसेल अशी.

मी वर पाहिलं. अडणी आणि तुळई यांच्यामध्ये जागा नव्हती. सिमेंट भरून, गुळगुळीत घोटून, वरून रंग मारला होता. या खांबावर, पुढच्या खांबावर, त्याच्या पुढच्या.

ठेकेदाराचा माणूस हात जोडून पुढं आला. लकडगंजकडचा कोणी, भला माणूस दिसत होता. "साहेब, तुमी येणार म्हणून काल खास माणसं लावली. फटा दिसून राहिल्या होत्या, चांगल्या नव्हत्या वाटत. सगळ्या भरून घेतल्या. फिनिशिंग पाहा!"

साहेबांनी पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वळवत सगळं पाहिलं. आणि ते हसायला लागले.

आधी हळू, मग मोठ्यानं. पुलाखाली आवाज घुमतो, तसा तो घुमायला लागला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चौधरींनी शाल पांघरवली, त्यांचे डोळे भरून आले होते. "साहेब खूश झाले! घ्या, फोटो घ्या!" फोटोवाला पुढं सरसावला. साहेबांचा डावा हात खुर्चीच्या हातावर होता आणि नखं लाकडात रुतवत होता. विमलताईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"अहो, ते रडून राहिले!" मी ओरडले. "थांबवा ते फोटो!"

"आनंदाश्रू आहेत, मॅडम," चौधरी म्हणाले, आणि त्यांनी माझ्याही हातात पेढा ठेवला.

लोक पांगल्यावर मी चौधरींना बाजूला घेतलं आणि बोट दाखवलं. ते वर बघत राहिले. त्यांच्या हातातला हार खाली पडला. काल दिवसभर ते सत्काराच्या धावपळीत होते, पुलाखाली उतरलेच नव्हते. "फोडून घेतो मॅडम, उद्याच," ते म्हणाले आणि मनापासून म्हणाले. पण काम पूर्ण झाल्याचं वर कळवून झालं होतं. पूर्ण झालेलं काम फोडायला पुन्हा मंजुरी हवी, ती यायच्या आत त्यांची बदली झाली. नंतरच्या साहेबांकडे मी खेटे घातले. ते मला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या दुरुस्तीत बघू ना. नागपुरात कुठं भूकंप येतो?" एकदा मी चहा तसाच टेबलावर ठेवून उठून आले. अजून माहेरी जाताना त्या पुलाशी उतरते. अजून बुजलेलंच आहे, आणि रंगही गेलेला नाही मेला.

साहेबांनी त्या दिवसानंतर मला काही विचारलं नाही. रविवारी जायची तर हात पोटावर ठेवून छताकडे बघत पडलेले असायचे. मी "फोडणार आहेत साहेब, लिहून दिलं आहे," म्हणायची. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. थंडी पडायला लागली तेव्हा गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही ऑफिसची सगळी मंडळी गेलो. वंदना झाली, लोक साहेबांविषयी चांगलं बोलले, त्यांच्या वरातीच्या प्रश्नाची आठवण काढून हसलेही. मग ऑफिसच्या वतीनं भेट द्यायची होती. सगळ्यांनी मिळून एक मोठा फोटो मढवून आणला होता, जाड सोनेरी चौकटीत. मला कोणी आधी दाखवला नव्हता. कागद काढला तर तोच, पुलाखालचा. अंगावर शाल, मागं पिवळे-काळे पट्टे आणि साहेब तोंडभर हसताहेत.

खोलीत सगळे हळहळले. "किती खूश दिसून राहिले साहेब," कोणीतरी म्हणालं. "जन्माचं सार्थक झालं त्यांच्या."

विमलताईंनी फोटो घेतला, सगळ्यांना हात जोडले, आभार मानले. लोक जेवायला उठेपर्यंत तो मांडीवर धरून बसल्या. मग मला जवळ बोलावलं, फोटो पुन्हा त्याच कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"हा घेऊन जा वं सुनंदाताई," त्या म्हणाल्या. "रडत्या माणसाचा फोटो कोणी भिंतीवर लावते का?"